परीक्षानळीतला होकार

कार्बनी संयुगांतील क्रियात्मक गट ओळखण्याच्या रासायनिक चाचण्या बारावीच्या प्रयोगशाळेपासून अन्नभेसळीच्या तपासणीपर्यंत सर्वत्र वापरात आहेत. या चाचण्या नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा हा आढावा.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रसायनशास्त्राच्या टेबलावर एक लहानशी पुडी किंवा बाटली ठेवलेली असते. तिच्यावर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. विद्यार्थ्याने आतील पदार्थावर चार-दोन चाचण्या करायच्या आणि त्यात कोणता क्रियात्मक गट आहे, ते उत्तरपत्रिकेवर लिहायचे. वरच्या वर्गातील मुले आदल्या दिवशी खालच्यांना कानमंत्र देतात : कडू बदामाचा वास आला की बेंझाल्डिहाइड, दवाखान्यासारखा वास आला की फिनॉल. प्रस्तुत प्रतिनिधीनेही कधीकाळी असाच वासावर भरवसा ठेवून चाचणी न करताच निष्कर्ष लिहिला होता आणि त्याबद्दल गुणही मिळवले होते. परीक्षकांनी पदार्थाचे नाव विचारले नव्हते, केवळ गट विचारला होता. या दोन प्रश्नांतील अंतर किती मोठे असू शकते, हे त्या वयात कळण्याचे कारण नव्हते.

ते अंतर मुंबईने १९८६ साली पाहिले. त्या वर्षाच्या आरंभी सर जे. जे. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या काही रुग्णांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. मेंदूतील वा डोळ्यातील दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरीन, अर्थात ग्लिसरॉल, पाजण्यात येत होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक मिसळलेले निघाले. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणात औषध प्रशासनापासून रुग्णालयाच्या खरेदी यंत्रणेपर्यंत अनेकांवर कठोर ताशेरे ओढले. प्रशासकीय बाजू त्या अहवालात सविस्तर आलेली आहे. येथे विचार करायचा आहे तो रसायनशास्त्राच्या बाजूचा. ग्लिसरॉल आणि डायइथिलिन ग्लायकॉल हे दोन्ही पदार्थ रंगहीन, दाट, गोडसर आणि पाण्यात पूर्णपणे मिसळणारे आहेत. दोहोंच्या रेणूंत एकच क्रियात्मक गट ठळकपणे आढळतो. तो म्हणजे हायड्रॉक्सिल, म्हणजेच अल्कोहोलचा गट. 'यात अल्कोहोल गट आहे काय' असा प्रश्न परीक्षानळीला विचारला, तर औषध आणि विष ही दोन्ही द्रव्ये सारखेच उत्तर देतात.

गट म्हणजे काय?

कार्बनच्या संयुगांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. त्या प्रत्येकाचे गुणधर्म स्वतंत्रपणे पाठ करावे लागले असते, तर हे शास्त्र कोणालाच शिकता आले नसते. सुदैवाने रेणूतील कार्बन-हायड्रोजनचा सांगाडा बहुधा निष्क्रिय असतो आणि रासायनिक वर्तन त्याला जोडलेल्या एखाद्या लहान अणुसमूहावर ठरते. ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी लागली की अल्कोहोल, कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडला गेला की आल्डिहाइड किंवा कीटोन, या दोहोंचा एकत्र मेळ बसला की कार्बोक्झिलिक आम्ल, नायट्रोजन आला की बहुधा अमाइन. यालाच क्रियात्मक गट म्हणतात. लिबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ साली कडू बदामाच्या तेलावर काम करताना दाखवून दिले की, अणूंचा एक विशिष्ट समूह अनेक विक्रियांतून अभंग राहून एका संयुगातून दुसऱ्यात जातो. पुढे या कल्पनेतूनच गटांची भाषा घडली. 'आल्डिहाइड' हा शब्दही लिबिगचाच. 'हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती संक्षिप्त जुळणी होय.

चाचणीची कल्पना यातून सहज निघते. त्या गटाशीच विक्रिया करील आणि ती डोळ्यांना दिसेल, असे अभिकारक शोधायचे. रंग यावा किंवा जावा, तळाशी साका बसावा, वायूचे बुडबुडे यावेत किंवा निदान वास तरी सुटावा. गेल्या दीड-दोनशे वर्षांत अशा अनेक चाचण्या सिद्ध झाल्या आणि त्यातील बहुतेकांना त्यांच्या कर्त्याचे नाव चिकटले.

प्रत्यक्षात गटाआधी मूलद्रव्ये पाहिली जातात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लासेन यांच्या पद्धतीत पदार्थ सोडियम धातूच्या तुकड्यासह लहान काचनळीत लालबुंद होईपर्यंत तापवतात आणि ती नळी तशीच पाण्यात बुडवून फोडतात. गाळलेल्या द्रावणात लोहाचे क्षार घातल्यावर गर्द निळा रंग आला की पदार्थात नायट्रोजन आहे. त्यानंतर विद्राव्यता. पदार्थ पाण्यात विरघळतो की नाही, कॉस्टिक सोड्यात की विरल आम्लात, एवढ्यावरूनच अर्धी वाट चालून होते. विद्यार्थी या पायरीला कंटाळतात. जाणकार मात्र तिलाच सर्वाधिक महत्त्व देतात.

सोड्याचा फसफसाट, ब्रोमीनचा रंग

सर्वांत सोपी चाचणी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होऊन गेलेली असते. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की तो फसफसतो. प्रयोगशाळेत कार्बोक्झिलिक आम्लाची कसोटी हीच. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला की आम्लगट आहे, असे मानतात. फिनॉलही सौम्य आम्लधर्मी आहे, परंतु त्याची ताकद सोडा फसफसवण्याइतकी नसते. त्यामुळे या दोहोंत फरक करता येतो. मात्र फिनॉलच्याच रेणूवर तीन नायट्रो गट बसवले की तयार होणारे पिक्रिक आम्ल सोड्याला फसफसवते, आणि त्यात कार्बोक्झिलिक गट औषधालाही नसतो. चाचणी आम्लाची ताकद मोजते, त्याची जात नव्हे.

असंपृक्तता, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध, ओळखण्यासाठी ब्रोमीनचे तांबूस पाणी किंवा पोटॅशियम परमँगनेटचे अतिविरल जांभळे द्रावण वापरतात. दोन्हींचा रंग उडाला की बंध असंपृक्त. परमँगनेटच्या कसोटीत जांभळ्याच्या जागी मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका येतो. दहावीच्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट खाद्यतेल, वनस्पती तूप आणि टिंक्चर आयोडीन घेऊन दाखवली जाते. येथेही फसगत होण्यास वाव आहे. आल्डिहाइडही परमँगनेटचा रंग घालवते. फिनॉल ब्रोमीनचे पाणी रंगहीन करते, परंतु त्याच वेळी पांढरा साका देते. तो साका पाहण्याचे विसरले की फिनॉलला अल्कीन ठरवले जाते. उलटपक्षी कागदावर तीन दुहेरी बंध मिरवणारे बेंझिन ब्रोमीनच्या पाण्याला दादच देत नाही. बेंझिनच्या या हट्टाचा उलगडा करण्यात रसायनशास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या.

जुनी ॲस्पिरिन आणि जांभळा रंग

फिनॉल गटासाठी उदासीन फेरिक क्लोराइडचे पिवळसर द्रावण वापरतात. थेंब पडताच जांभळा, निळा किंवा हिरवा रंग उमटतो. या चाचणीचा एक उपयोग औषधनिर्मितीत फार सुंदर रीतीने झालेला आहे. ॲस्पिरिन बनते सॅलिसिलिक आम्लापासून. सॅलिसिलिक आम्लात फिनॉल गट असल्यामुळे ते फेरिक क्लोराइडबरोबर गडद जांभळे होते. ॲस्पिरिन बनवताना तोच गट झाकला जातो. म्हणून शुद्ध ॲस्पिरिन जांभळा रंग देत नाही. परंतु पावसाळ्यातील दमट हवेत उघडी राहिलेली गोळी हळूहळू विघटन पावते आणि पुन्हा सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक आम्ल तयार होते. जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळेच. अशा गोळीवर फेरिक क्लोराइड टाकले की जांभळी छटा दिसू लागते. एकच चाचणी कच्च्या मालाची ओळख, विक्रिया पूर्ण झाल्याची खूण आणि मालाच्या वयाचा दाखला अशी तीन कामे करते. 'आहे' इतकेच महत्त्व 'नाही' या उत्तरालाही असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मधुमेह्यांची निळी बाटली

आल्डिहाइड व कीटोन या दोहोंत कार्बोनिल गट असतो. तो आहे एवढे सांगण्यासाठी २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिन हे लांबलचक नावाचे अभिकारक वापरतात. पिवळा ते नारिंगी असा घट्ट साका मिळतो. या साक्याचा गुण असा की, तो शुद्ध करून त्याचा द्रवणांक काढला तर मूळ संयुग कोणते, याचाही सुगावा लागतो. उपकरणांच्या आधीच्या काळात रसायनशास्त्रज्ञ अशाच द्रवणांकांच्या जाडजूड तक्त्यांवर काम करीत. कोरडे झाल्यास हे अभिकारक स्फोटक ठरते, म्हणून ते ओलसर ठेवण्याचा दंडक आहे.

आता आल्डिहाइड की कीटोन, हा निवाडा. आल्डिहाइडचे सहज ऑक्सिडीकरण होते, कीटोनचे होत नाही. तोलेन्सच्या अभिकारकात अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट असते. स्वच्छ नळीत आल्डिहाइड घालून ती गरम पाण्यात धरली की काचेच्या आतून चांदीचा आरसा चढतो. प्रयोगशाळेतील हा सर्वांत देखणा क्षण म्हणावा लागेल. मात्र हे अभिकारक साठवून ठेवायचे नसते. ठेवल्यास त्यात स्फोटक चांदीसंयुगे तयार होतात. ते ऐनवेळी बनवून काम होताच आम्ल घालून टाकून द्यावे लागते.

फेलिंग व बेनेडिक्ट यांनी चांदीऐवजी तांबे वापरले. निळ्या द्रावणातील तांब्याचे क्षपण होऊन विटकरी रंगाचा क्युप्रस ऑक्साइड खाली बसतो. जर्मनीच्या हर्मान फॉन फेलिंग यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. तिची दोन द्रावणे वेगळ्या बाटल्यांत ठेवून वापरतेवेळी मिसळावी लागत. अमेरिकेचे स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टिकाऊ असे एकच द्रावण तयार केले आणि ते थेट दवाखान्यांत पोहोचले. ज्यांच्या घरात मधुमेहाचा जुना रुग्ण होता, अशा वाचकांना ती निळी बाटली, परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा आठवत असेल. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी, या क्रमाने साखर वाढती. रंगावरून रुग्णाचा त्या दिवसाचा आहार ठरत असे.

परंतु बेनेडिक्टची चाचणी ग्लुकोज ओळखत नाही. ती क्षपण करणारी कोणतीही शर्करा ओळखते. गर्भवती वा स्तनदा मातेच्या लघवीतील दुग्धशर्करा, क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा, यांनीही निळे द्रावण रंग बदलते. फ्रुक्टोज तर कीटोन वर्गातील असूनही होकार देते, कारण अल्कधर्मी द्रावणात तिच्या रेणूची पुनर्रचना होते. याउलट आपली रोजची साखर, सुक्रोज, या चाचणीत गप्प बसते. १९५० च्या दशकात ग्लुकोजलाच ओळखणाऱ्या विकरावर आधारित कागदी पट्ट्या आल्या आणि निळी बाटली मागे पडली. प्रगतीच ती. तरीही जुन्या चाचणीचा ढोबळपणा एका ठिकाणी कामास आला. काही नवजात अर्भकांना जन्मतः दुधातील गॅलॅक्टोज पचवता येत नाही. वेळीच दूध बंद न केल्यास यकृत व मेंदूला इजा होते. अशा बाळाच्या लघवीची ग्लुकोजची पट्टी कोरी राहते, परंतु तांब्याची जुनी चाचणी रंग देते. दोन चाचण्यांच्या उत्तरांतील ही विसंगतीच डॉक्टरांना सावध करीत असे.

दारू, नाका आणि मालवणी

अल्कोहोल गटासाठी सेरिक अमोनियम नायट्रेटचे पिवळे द्रावण लाल होते. ल्यूकासच्या चाचणीत झिंक क्लोराइड व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात तृतीयक अल्कोहोल तत्काळ गढूळ होते, द्वितीयक काही मिनिटांनी, तर प्राथमिक अल्कोहोल नेहमीच्या तापमानाला स्वच्छच राहते. तिसरी चाचणी डायक्रोमेटची. अल्कोहोलच्या संपर्कात नारिंगी डायक्रोमेट हिरवे होते. रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली अमेरिकेत याच विक्रियेवर आधारलेले श्वासपरीक्षक यंत्र तयार केले. आज आपल्याकडे नाक्यावर पोलीस तोंडासमोर धरतात ते यंत्र इंधनघटावर चालते. ते विद्युतप्रवाह मोजते, रंग पाहत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही मोटार वाहन कायद्याची मर्यादा असल्याने तेथे केवळ 'आहे-नाही' पुरत नाही, किती आहे हेही सांगावे लागते.

पण कोणते अल्कोहोल? हा प्रश्न २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात जीवघेणा ठरला. मिथेनॉलमिश्रित गावठी दारू पिऊन तेथे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मिथेनॉल आणि इथेनॉल यांच्यात एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा फरक. वास, चव, ज्वलनशीलता जवळपास सारखी. शरीरात मात्र इथेनॉलचे शेवटी व्हिनेगरातील ॲसेटिक आम्ल होते आणि मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल. हे फॉर्मिक आम्ल दृष्टिचेतेवर आघात करते. म्हणूनच विषारी दारूच्या बळींत आंधळे झालेल्यांची संख्या मोठी असते.

या दोहोंत फरक करणारी चाचणी पाठ्यपुस्तकातच आहे. आयोडीन व अल्कलीबरोबर इथेनॉल आयोडोफॉर्मचे पिवळे स्फटिक देते. त्यांचा वास जुन्या काळच्या ड्रेसिंगच्या खोलीची आठवण करून देतो. मिथेनॉल असे स्फटिक देत नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो आणि विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतात. आता प्रत्यक्ष परिस्थिती पाहा. विषारी दारूत दोन्ही अल्कोहोल एकत्र असू शकतात. अशा नमुन्यातील इथेनॉल आपले पिवळे स्फटिक निष्ठेने देणार आणि चाचणी होकारार्थी येणार. त्या होकाराचा अर्थ 'इथेनॉल आहे' एवढाच आहे, 'मिथेनॉल नाही' असा नव्हे. त्यामुळे तपासनीसाला मिथेनॉल वेगळे शोधावे लागते. नमुन्याचे ऑक्सिडीकरण करून मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड बनवायचे आणि क्रोमोट्रॉपिक आम्ल व तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून जांभळा रंग येतो का, ते पाहायचे. अंतिम प्रमाण आज वायुवर्णलेखन यंत्रावर काढतात.

ग्लिसरीनकडे परत

जे. जे. प्रकरणातील द्रव्यांनाही हेच लागू होते, किंबहुना अधिक तीव्रतेने. ग्लिसरॉलच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट शेजारशेजारच्या कार्बनांवर आहेत. डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये दोनच आहेत आणि ते रेणूच्या दोन टोकांना, मध्ये ऑक्सिजनचा पूल. हा फरक ओळखणारे अभिकारक आहे. शेजारील कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट असतील तरच पिरिऑडिक आम्ल त्यांच्यामधील बंध तोडते. मालाप्राद या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९२८ साली ही विक्रिया दाखवून दिली. शुद्ध ग्लिसरॉल तिला प्रतिसाद देते, शुद्ध डायइथिलिन ग्लायकॉल देत नाही. ग्लिसरॉल पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवले की जळक्या चरबीसारखा झोंबणारा ॲक्रोलिनचा वास येतो. ही जुनी खूणही उपयुक्त आहे.

तरीही अर्धी भेसळ असलेल्या पिंपातील नमुना घेतला, तर त्यातील ग्लिसरॉल दोन्ही चाचण्यांना होकार देईल. ग्लिसरॉल आहे, हे खरेच आहे. ओळख पटवणारी चाचणी भेसळ पकडणारी चाचणी नसते. घनता अधिक बोलकी ठरते. ग्लिसरॉलची घनता सुमारे १.२६, तर डायइथिलिन ग्लायकॉलची सुमारे १.१२. एखाद्या साध्या घनतामापकालाही मोठी भेसळ लक्षात येऊ शकते. पण भेसळ थोडी असेल किंवा पाण्याचे प्रमाण बदलले असेल, तर तोही आधार सुटतो. औषधी दर्जाच्या ग्लिसरीनमध्ये या विषाची मर्यादा ०.१ टक्का धरली जाते. इतके सूक्ष्म प्रमाण कोणत्याही रंगचाचणीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हा धोका नवा नव्हता. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक बळी गेले. त्यातून १९३८ चा अमेरिकी औषध कायदा झाला. तो जुनाही झाला नाही. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंत सुमारे ७० बालके होती. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक करण्यात आली. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे काय, हा प्रश्न २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याने विचारला. तेथे वीसहून अधिक मुले दगावली. त्यातील अनेकांवर नागपुरातील रुग्णालयांत उपचार सुरू होते. त्यांना दिलेल्या औषधाच्या नमुन्यात तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल आढळले. ०.१ टक्का कोठे आणि ४८.६ टक्के कोठे! इतकी भेसळ शोधण्यासाठी महागडी यंत्रणा नव्हे, केवळ कोणी तरी शोधण्याची आवश्यकता होती.

दूध, डाळ आणि तूप

अन्नभेसळीच्या घरगुती चाचण्यांत याच रसायनशास्त्राचा सौम्य अवतार दिसतो. दूध टिकावे म्हणून घातलेले फॉर्मालिन म्हणजे आल्डिहाइड. दुधाच्या नळीत कडेकडेने लोहाचा अंश असलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडल्यास दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. हा प्रयोग घरी करू नये, कारण ते आम्ल कातडी जाळते. तूरडाळीला किंवा हळदीला चढवलेला मेटॅनिल यलो हा रंग ॲझो वर्गातील असून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच तो किरमिजी होतो. ॲझो रंग हे अमाइन गटाच्या चाचणीचेच अपत्य आहे. ॲनिलिनसारख्या प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइनवर बर्फाच्या थंडाव्यात नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून ते बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतले की भडक नारिंगी-लाल रंग तयार होतो. चाचणी म्हणून जे नळीत घडते, तेच कारखान्यात टनांनी घडवून कापड रंगवले जाते. अमाइनची दुसरी चाचणी, कार्बिलअमाइनची, आता बहुतेक ठिकाणी टाळतात. तिचा दुर्गंध वर्गभर दिवसभर रेंगाळे आणि वायूही विषारी.

दुधातील युरियाची चाचणी तर न्यायाधीशाच्या संयमाची आहे. तिच्या अभिकारकाने पिवळा रंग येतो, पण युरिया दुधात निसर्गतःच थोडा असतो. फिकट पिवळा म्हणजे निर्दोष दूध, ठळक पिवळा म्हणजे संशय. शेजारी शुद्ध दुधाची नळी धरून तुलना केल्याशिवाय गवळ्यावर आरोप करणे अन्यायाचे होईल.

साजूक तुपाच्या बाबतीत भारतीय नियमकर्त्यांनी मात्र फारच कल्पकता दाखवली. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले तर ओळखायचे कसे? दोहोंत मेदाम्लांची एस्टरे, म्हणजे गट तोच. तेव्हा वनस्पती बनवणाऱ्यांनाच त्यात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. तिळाच्या तेलातील एक फिनॉलवर्गीय घटक बॉडोइन चाचणीत, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरॉलबरोबर, गुलाबी-लाल रंग देतो. भेसळीच्या पदार्थालाच आधी खूण लावून ठेवायची, म्हणजे तो कोठेही शिरला तरी बोलेल. चाचणीची मर्यादा मान्य करून तिच्यासाठी पदार्थच बदलण्याचा हा मार्ग आहे.

यंत्रे आल्यावर

आजच्या संशोधन प्रयोगशाळेत गट ओळखण्यासाठी कोणी परीक्षानळी हातात घेत नाही. अवरक्त किरणांच्या वर्णपटात कार्बोनिल गट १७०० च्या आसपास आपली खूण उमटवतो आणि काही मिनिटांत निकाल लागतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावर चालणारी हातात धरायची यंत्रे गोदामात पिंप न उघडता कच्चा माल ओळखतात. मग बारावीच्या मुलांना फेलिंगचे द्रावण उकळायला का लावायचे, असा प्रश्न पालक विचारतात. तो अगदीच गैरवाजवी नाही. परंतु यंत्रही प्रश्नाचेच उत्तर देते, आणि प्रश्न कोणता विचारावा याची सवय नळीपाशीच लागते. न्यायसहायक प्रयोगशाळांत अमली पदार्थांच्या रंगचाचणीला प्राथमिक संशय एवढेच स्थान असते. फॉर्माल्डिहाइड व सल्फ्युरिक आम्लाच्या मार्क्विस चाचणीत अफूवर्गीय द्रव्ये जांभळी होतात, परंतु त्या रंगावर विसंबून निकाल द्यायचा नसतो. पुष्टीसाठी वर्णलेखन व वस्तुमान वर्णपट असावा लागतो.

डायइथिलिन ग्लायकॉलसाठी मधला मार्गही आहे. पातळ थराचे वर्णलेखन ही त्यामानाने स्वस्त पद्धत होय. सिलिकाचा लेप असलेल्या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या पट्टीवर तीन ठिपके ठेवायचे : शुद्ध ग्लिसरॉलचा, डायइथिलिन ग्लायकॉलचा आणि पिंपातून घेतलेल्या नमुन्याचा. पट्टीचे टोक द्रावकात उभे केले की ठिपके आपापल्या वेगाने वर सरकतात. नंतर त्यांना रंग आणून पाहायचे. नमुन्याच्या वाटेवर एकच ठिपका दिसला आणि तो ग्लिसरॉलच्या रेषेत असला, तर पिंप पुढच्या तपासणीला जाते. दोन दिसले, तर ते तेथेच थांबते.